लाखोळीच्या जात्याचा आवाज आला, की समजा पोपट मासा जवळच आहे

तळाला काच असलेल्या बोटीला एक रुपयाही देऊ नका. पोपट मासा बघायलाच मी अर्जुनी मोरगावहून अंदमानला गेलो आणि फसलो तो तिथंच.

बल्लारशाला गाडी बदलून चेन्नई, मग पोर्ट ब्लेअरचं (आताचं श्री विजयपुरम) विमान, पुढं नील बेटाची (आताचं शहीद द्वीप) फेरीबोट. लांबचा पल्ला आहे, पण त्रास काही नाही.

भरतपूर किनाऱ्यावर एजंटनं माणशी 1500 रुपये घेतले. "हिरवा-निळा मासा हमखास दिसणार!" त्याच फेरीचे शेजारच्या कुटुंबानं 800 दिले होते. काचेवर ओरखडे, त्यात ओहोटीचं गढूळ पाणी. दिसले ते चार तपकिरी मासे. रात्रभर जिवाचा संताप झाला.

सकाळी भरतीला एका गाइडसोबत मास्क लावून उतरलो. मासा दिसायच्या आधी ऐकू आला. आजी जात्यावर लाखोळीची डाळ भरडायची, अगदी तशी करकर! दात जुळून झालेल्या चोचीनं तो मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ चुन्यासकट खरवडतो, घशातल्या दातांनी दळतो आणि मागून पांढरी वाळू सोडतो. ती वाळू पडताना मी डोळ्यांनी पाहिली. याचा सर्वांत मोठा भाऊबंद बंपहेड तर वर्षाला 5 टनांहून जास्त प्रवाळ दळतो. शेवाळ निघालं की नव्या प्रवाळाला रुजायला जागा मिळते. 2010 ला समुद्र तापला तेव्हा अंदमानचं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं, काही मेलं, तिथं हे दळण लाखमोलाचं. म्हणून हा मासा ताटात मागू नका.

आणि ते तपकिरी? गाइड म्हणाला, बऱ्याच जातींच्या माद्या तशाच असतात; त्यांतल्याच काही पुढं नर होतात आणि मग हिरवा-निळा रंग चढतो. म्हणजे बोटीतून दिसले ते पोपट मासेच असावेत, कुणी ओळख करून दिली नाही एवढंच. दराचा राग मात्र गेला नाही.

परतताना ओहोटी लागली. मेलेल्या प्रवाळावरून शंभरेक पावलं चालावं लागलं. आमच्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर अनवाणी वाढलेला मी, तरी तळवा चिरला. जाड तळाचे रबरी बूट घरूनच न्या आणि जिवंत प्रवाळावर पाय ठेवू नका. पूर्ण भरतीची वेळ आदल्या रात्री विचारून ठेवा, तिच्या दोन तास आधी उतरा. पाण्यात गेलात की हातपाय मारणं थांबवा. खाऱ्या पाण्यात अंग तरंगतं, आणि खळखळ थांबली की करकर लगेच ऐकू येते.