सहा खिंडी आणि एक न लिहिलेली ओळ

पंचशील म्हटलं की माझ्या वर्गातली मुलं बोटांवर पाच तत्त्वं मोजून दाखवतात. प्रादेशिक अखंडतेचा आदर, अनाक्रमण, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप नाही, समानता आणि परस्परहित, शांततामय सहजीवन. स्पर्धा परीक्षेला तेवढं पुरतं. मला ते कधीच पुरलं नाही. म्हणून गेली काही वर्षं मी भारत-चीनमधला २९ एप्रिल १९५४ चा मूळ करार झेरॉक्स करून सगळ्यांच्या हातात देते आणि वर्गातच वाचायला लावते.

मुलं आधी नावापाशीच अडखळतात. करार आहे 'चीनचा तिबेट प्रदेश आणि भारत यांच्यातील व्यापार व दळणवळण' याविषयीचा. ती पाच तत्त्वं प्रस्तावनेत येऊन जातात. पुढे जी सहा कलमं आहेत त्यांत सगळा रोजच्या व्यवहाराचा मामला. यातुंग, ग्यान्त्से आणि गारटोकला भारताच्या व्यापारी कचेऱ्या, दिल्ली, कलकत्ता आणि कालिम्पाँगला चीनच्या. बाजार कुठे भरायचे, कैलास-मानसरोवराच्या यात्रेकरूंनी कसं जायचं. आणि चौथ्या कलमात सहा खिंडींची नावं: शिपकी ला, माना, नीती, कुंग्री बिंग्री, दारमा, लिपुलेख.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने या सहा नावांभोवती पेन्सिलने गोल केले. शेजारी अ‍ॅटलास उघडा ठेवून ती एकेक खिंड शोधत होती. बराच वेळ तिची मान खालीच. मग म्हणाली, "मॅडम, खिंडी सापडल्या. पण यात सीमा कुठे लिहिलीय?"

कुठेच नाही. सगळा करार पालथा घातला तरी दोन देशांची हद्द इथून इथपर्यंत, अशी एक ओळ सापडत नाही. दिल्लीचा हिशेब असा होता की आपली सीमा ठरलेलीच आहे. आपण विषय काढला तर वाद आहे असं आपणच कबूल केल्यासारखं होईल. आणि चीनने या खिंडी करारात मान्य केल्या म्हणजे त्यावरची हद्दही मान्य केली. ऐकायला पटतं. मलाही पहिल्यांदा पटलं होतं.

त्याच दिवशी दोन्ही सरकारांनी पत्रांची देवाणघेवाण केली, तीही मी वाचायला देते. यातुंग आणि ग्यान्त्से इथल्या आपल्या लष्करी तुकड्या सहा महिन्यांत परत बोलावायच्या, तिबेटातली टपाल, तार आणि टेलिफोन सेवा चीनला द्यायची, बारा विश्रामगृहंही द्यायची. हे सोडलं याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. इंग्रजांनी मिळवलेले ते हक्क स्वतंत्र भारताने कवटाळून बसणं बरं नव्हतं. पण एवढं सोडताना सीमेची एक ओळ लिहून घ्यायला हवी होती, हे माझं ठाम मत आहे. वर्गात मी ते लपवत नाही.

कारण तीन महिनेही झाले नव्हते. १७ जुलै १९५४ ला चीनने निषेधाचा खलिता दिला, तुमचे सैनिक नीती खिंड ओलांडून आमच्या हद्दीत आलेत म्हणून. जागा होती बाराहोती, आपल्या गढवालातलं उंचावरचं कुरण. म्हणजे ज्या खिंडीने सीमा मान्य झाली असं आपण धरून चाललो होतो, भांडण नेमकं तिच्यावरूनच सुरू झालं. पुढे, लडाखचा भाग म्हणून आपण जो आपला मानतो त्या अक्साई चीनमधून चीनने काढलेला रस्ता उघडकीला आला. नेहरूंनी डिसेंबर १९५८ मध्ये पत्र लिहिलं. २३ जानेवारी १९५९ ला चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांचं उत्तर आलं: दोन देशांमधली सीमा कधीच रीतसर आखली गेलेली नाही, आणि १९५४ मध्ये हा विषय निघाला नाही कारण त्याची वेळ आली नव्हती.

करार आठ वर्षांचा होता. जून १९६२ मध्ये तो संपला, नूतनीकरण झालंच नाही. २० ऑक्टोबरला युद्ध. माझ्या आजीने तेव्हा हातातली एक पाटली संरक्षण निधीला दिली. ती असेपर्यंत तिच्या डाव्या हातात पाटली होती आणि उजव्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले ते दिवस ती कालचे असल्यासारखे सांगायची.

त्यानंतर १९७६ पर्यंत दोन्हीकडे राजदूतच नव्हते. त्या वर्षी के. आर. नारायणन बीजिंगला गेले. १९८८ मध्ये राजीव गांधी गेले, १९९३ मध्ये नरसिंह रावांनी शांततेचा करार केला. हे मी भराभर सांगते, कारण मला १९९६ च्या कराराकडे यायचं असतं.

जून २०२० मध्ये वर्ग ऑनलाइन चालले होते. लडाखमधल्या गलवानला चिनी सैनिकांशी झालेल्या झटापटीत कर्नल संतोष बाबूंसह आपले वीस जवान गेले, ती बातमी आली त्या आठवड्यात मुलांचा एकच प्रश्न होता. गोळी का नाही झाडली? मी पडद्यावर २९ नोव्हेंबर १९९६ च्या कराराचं सहावं कलम लावलं. प्रत्यक्ष ताबारेषेपासून, म्हणजे दोन्ही देशांच्या ताब्यातला भाग वेगळा करणाऱ्या रेषेपासून, दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, सुरुंग उडवायचे नाहीत, बंदुकीने शिकारसुद्धा करायची नाही. इतकं बारीक लिहिलंय. आणि खाली दहाव्या कलमात म्हटलंय की ही ताबारेषा नेमकी कुठून जाते याबद्दल दोघांची समजूत एक झाल्याशिवाय याची पुरती अंमलबजावणी होणार नाही, तेव्हा नकाशे लवकर बदलून घेऊ. नकाशांची देवाणघेवाण झाली ती फक्त मधल्या, म्हणजे हिमाचल-उत्तराखंडकडच्या पट्ट्याची. लडाखची नाही. रेषेपासून दोन किलोमीटर, पण रेषा कुठली? त्या दिवशी कुणी माईक चालू केला नाही. मीही पुढे काही शिकवलं नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये लडाखमधल्या देपसांग आणि देमचोकच्या गस्तीबद्दल समझोता झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये ठरलं की सीमेवरचा व्यापार तीन खिंडींतून पुन्हा सुरू करायचा: लिपुलेख, शिपकी ला, नथू ला. त्या रात्री मला मेसेज आला. मागच्या बाकावरची तीच मुलगी, आता सरकारी नोकरीत आहे. तिने ते जुनं झेरॉक्सचं पान शोधून त्याचा फोटो पाठवला होता. पेन्सिलीचे गोल पुसट झालेत, पण दिसतात.

"मॅडम, तीनपैकी दोन आपल्या यादीतल्या आहेत," तिने लिहिलं होतं. "या वेळी सीमेचं काही लिहिलंय का?"

मी त्या निर्णयाचं सरकारी निवेदन पुन्हा वाचलं. सीमानिश्चितीत लवकर काही हाती लागेल का हे पाहायला एक तज्ज्ञगट नेमायचा, एवढं होतं. तेच तिला कळवलं.