काकांचा नंबर अकरावा

मी बडोद्यातल्या एका औषध कंपनीत कंपनी सेक्रेटरीच्या हाताखाली काम करते. तिमाही निकालांनंतर गुंतवणूकदारांचा कॉल असतो, त्याची पूर्वतयारी माझ्याकडे. या वेळच्या निकालांसोबत एक वाईट बातमीही होती. अमेरिकन भागीदारासोबत आम्ही एक बायोसिमिलर करतोय, म्हणजे जिवंत पेशींत बनणाऱ्या मूळ प्रथिन-औषधाशी जवळजवळ तंतोतंत जुळणारं औषध. प्रथिन आमच्या प्लांटमध्ये बनतं, अमेरिकेच्या औषध नियामकाकडे, यूएसएफडीएकडे, अर्ज त्यांनी करायचा. तो अर्ज लांबणीवर पडला होता.

कारण मला ठाऊक होतं. अर्जाआधी मोठ्या टाकीत सलग तीन बॅच जमायला हव्या होत्या, आणि तिसरीत प्रथिनावरच्या साखरेच्या साखळ्या मूळ औषधाशी जुळेनात. पेशींच्या खुराकातल्या मँगनीजचं प्रमाण थोडं हललं होतं. एवढ्याशा धातूने सगळं अडवलं.

आदल्या आठवड्यात दांडिया बाजारातून काकांचा फोन आला. त्यांच्याकडे आमचे शेअर आहेत, निवृत्तीच्या पैशांतले. "अगं, अर्ज गेला का? विकू की ठेवू?" शेअर बाजाराच्या नियामकाच्या, सेबीच्या, व्याख्येतल्या 'निकटच्या नातलगां'त काका येत नाहीत, पण आतली बातमी फोडायला बंदी आहे ती सगळ्यांसाठीच. म्हटलं, "काका, या विषयावर माझ्याशी बोलूच नका." ते म्हणाले, "सयाजीबागेत सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचो तुला." आणि फोन ठेवला. दोन दिवस गळ्याशी काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं.

कॉलवर मुंबईचे अ‍ॅनालिस्ट एकच प्रश्न चार तऱ्हांनी विचारत राहिले: तारीख सांगा. अर्ज पोचल्यावर तो स्वीकारायचा की नाही हे ठरायला साठ दिवस, पुढे दहा महिने परीक्षण. आणि भागीदाराकडून येणारा हप्ता अर्ज दिल्यावर नव्हे, तो स्वीकारला गेल्यावर मिळणार. म्हणजे उशीर एका तिमाहीचा नाही, हे त्यांनी केव्हाच ताडलं होतं. एमडी साहेब "लवकरच" म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या टिपणातून दोनदा खोडला होता.

अकराव्या नंबरला मॉडरेटरने नाव पुकारलं आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. काका. बडोद्याच्या हिंदीत, सावकाश: "साहेब, तारीख राहू द्या. तीन बॅच करायच्या होत्या ना? किती झाल्या, आणि अडलंय ते तुमच्याकडे की भागीदाराकडे?"

दोन-तीन सेकंद कुणीच बोललं नाही. मी संशोधन प्रमुखांपुढे स्टॉक एक्सचेंजला पाठवलेलं पत्र सरकवलं आणि दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. त्यांनी तो वाचला आणि स्वच्छ सांगितलं: दोन बसल्या, तिसरी नाही; कच्च्या मालातला फरक; अडलंय आमच्याकडे; बॅच पुन्हा घेतोय. तासाभरातलं एवढंच उत्तर कामाचं होतं, आणि ते आदल्या रात्रीपासून सगळ्यांना वाचायला उपलब्ध होतं. बहुधा काकांखेरीज कुणी दुसऱ्या परिच्छेदापर्यंत गेलंच नसावं.

काकांनी "आभारी आहे" म्हटलं. मी नात्यातली, हे अवाक्षरानेही आलं नाही.

शेअर त्या दिवशी पडला. त्यांनी विकले की ठेवले, मी विचारलं नाही. कॉलचा लेखी मसुदा पाच कामकाजाच्या दिवसांत वेबसाइटवर चढवायचा असतो. तपासताना पाहिलं, काकांचं आडनाव चुकीचं टाइप झालं होतं. तेवढं दुरुस्त केलं आणि पुढच्या पानावर गेले.