काल्सोयची सीलबाई आणि माझ्या हीरोचा प्रॉब्लेम

उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर लोक पफिन नावाचे समुद्रपक्षी बघायला जातात, मी गेले एका सीलबाईसाठी, म्हणजे सील या समुद्री प्राण्यातून बाई होणाऱ्या लोककथेतल्या नायिकेच्या पुतळ्यासाठी. रूप बदलणाऱ्या नायिकेची लव्हस्टोरी लिहायचं डोक्यात घोळत होतं आणि नाग-नागिणीचं इतकं झालंय की आता नको वाटतं, म्हणून म्हटलं जरा थंड समुद्रातलं काहीतरी बघू.

क्लाक्सविक या शहरातून बोटीने वीसेक मिनिटांत काल्सोय बेट. पुढे बसने मिक्लादालुर गाव. वाटेतले बोगदे एकपदरी आणि अंधारे, समोरून गाडी आली की कुणीतरी एकाने कडेच्या जागेत घुसायचं. बेट लांबुडकं आणि त्यात ही एवढी भोकं, म्हणून त्याला चक्क बासरी म्हणतात.

गावातून उभ्या पायऱ्या उतरलं की खाली खडकावर ती उभी आहे. कोपाकोनान, म्हणजे सीलबाई. 2.6 मीटर उंच, ब्रॉन्झ आणि स्टेनलेस स्टीलची, हान्स पॉली ऑल्सेन यांनी केलेली, 2014 मध्ये बसवली. पुढच्याच वर्षी साडेअकरा मीटरची लाट अंगावरून गेली तरी जागची हलली नाही! हातात सीलची कातडी धरलीय आणि चेहऱ्यावर रोमँटिक वगैरे काही नाही, उलट थोडी तुटकच वाटते बाई. मला ते फार आवडलं.

गोष्ट अशी की वर्षातून एकदा, 6 जानेवारीच्या रात्री, सील किनाऱ्यावर येऊन कातडी उतरवतात आणि माणसं होऊन नाचतात. गावातला एक तरुण एकीची कातडी चोरतो, त्यामुळे तिला परत जाता येत नाही, मग लग्न, मुलंबाळं. कातडी पेटीत, किल्ली कायम त्याच्या कमरेला. एक दिवस मासेमारीला गेल्यावर भर समुद्रात त्याच्या लक्षात येतं की किल्ली घरीच राहिली. घरी येऊन बघतो तर ती गेलेली. पण जाताना तिने चूल विझवलीय आणि सुऱ्या लपवून ठेवल्यात, पोरांना काही इजा होऊ नये म्हणून.

मी तिथेच अडकले. अख्ख्या गोष्टीत प्रेमाचा एकही डायलॉग नाही आणि या दोन कामांत सगळं आलं. आणि आपण रोमान्सवाले काय करतो, तर ती रूप बदलतानाचा सीन पानं पानं भरून लिहितो, डोळे चमकले, वारा सुटला वगैरे. खरं टेन्शन तर त्या किल्लीत आहे ना, कारण ती आहे तोवर ही राहतेय की अडकलीय हे त्यालाही कळणार नाही.

उर्वशीचं बघा, ती निदान स्वतःच्या अटी घालून पुरूरव्याकडे राहते, अट मोडली की निघून जाते, आणि शतपथ ब्राह्मणात तो शोधत येतो तेव्हा ती पाणपक्ष्याच्या रूपात तळ्यात पोहत असते. अटी नायिकेच्या असल्या की लगेच गोष्टीला बरोबरी येते.

सीलबाईचं पुढे भयंकर आहे, गावकरी तिचा सील नवरा आणि पिल्लं मारतात आणि ती शाप देते की बेटाभोवती हातात हात घालून साखळी पुरी होईल इतके पुरुष मरतील. एवढं सगळं झाल्यावर हॅपी एंडिंग कुठून आणू? सध्या तरी एवढंच ठरलंय की माझा हीरो पहिल्या चॅप्टरलाच कातडी परत करणार आणि ती परत येते का, कशासाठी येते, यावर बाकीचं पुस्तक. सुऱ्यांचा सीन मात्र कुठेतरी घालणारच.