फ्रिजवरचा कागद: रेडिंग आणि इंदिरानगर

परदेशात नवीन आलेला मराठी माणूस पहिल्या आठवड्यात भारतीय किराणा कुठे मिळतो, तूरडाळ कुठल्या दुकानात स्वस्त आहे, जवळचं मराठी मंडळ कुठलं, हे शोधून काढतो. त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट शोधून ठेवा, असं मी इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. रात्री दोन वाजता काही झालं तर या गावात आपल्या दाराशी कोण येणार, आणि त्याला दार सापडावं म्हणून आपण काय सांगायचं? मी राहते रेडिंगला, लंडनच्या पश्चिमेला. आई-बाबा नाशिकला, इंदिरानगरात. त्यामुळे हा शोध मला दोन गावांत घ्यावा लागला, आणि माझं स्वतःचं गावच जास्त अवघड गेलं.

आधी इथलं सांगते. ब्रिटनमध्ये तातडीच्या मदतीचा नंबर ९९९. ११२ लावला तरी तिथेच लागतो. फोन उचलणारा सगळ्यात आधी विचारतो, पोलीस, अग्निशमन दल की ॲम्ब्युलन्स? मग त्या खात्याकडे फोन जोडून देतो. त्यानंतर पत्ता. इथे एका पोस्टकोडमध्ये साधारण पंधराएक घरं येतात, त्यामुळे घराचा नंबर आणि पोस्टकोड सांगितला की पत्ता संपला. अमक्या देवळामागे, तमक्या डेअरीसमोर असं काही सांगावं लागत नाही.

ही व्यवस्था आयती आलेली नाही. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली आणि पाच बायका दगावल्या. समोर राहणाऱ्या माणसाने अग्निशमन दलाला फोन लावला होता, पण टेलिफोन एक्स्चेंजने त्याला इतर कॉल्सच्या रांगेत ताटकळत ठेवलं. चिडून त्याने 'द टाइम्स'ला पत्र लिहिलं, चौकशी बसली, आणि ३० जून १९३७ ला लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. एका शेजाऱ्याने गप्प न बसल्यामुळे झालेली ही गोष्ट आहे. मला ती फार मोलाची वाटते.

पण खरं सांगायचं तर ९९९ पेक्षा जास्त उपयोगी पडतो तो १११. जीव धोक्यात नाही, पण सकाळपर्यंत थांबवतही नाही, अशा वेळी हा नंबर लावायचा. लेकराचा ताप उतरत नाही, औषधाची मात्रा चुकून दोनदा दिली गेली, पोटात असं काही दुखतंय की अपेंडिक्स असेल का कळत नाही. पलीकडचा माणूस शांतपणे प्रश्न विचारत जातो आणि शेवटी सांगतो, घरीच थांबा, सकाळी डॉक्टरकडे जा, किंवा आत्ताच निघा. इंग्रजी अडलं तर दुभाषा मागता येतो. इथे मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांना हे मुद्दाम सांगून ठेवा, कारण ऐन वेळी येत असलेलं इंग्रजीसुद्धा पळून जातं. इंग्लंडमध्ये १११ लावून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडला की थेट त्या विषयातल्या लोकांशी बोलता येतं. नुसतं कुणीतरी ऐकून घ्यावं असं वाटलं तर सॅमॅरिटन्सचा ११६ १२३ आहे, फुकट आणि चोवीस तास. १९५३ मध्ये लंडनच्या एका पाद्र्याने सुरू केलेली ही सेवा आजही स्वयंसेवक चालवतात.

नाशिकहून मास्टर्ससाठी मुलं पाठवणाऱ्या पालकांनी इथे जरा थांबून वाचावं. भारतातून ९९९ लावता येत नाही. मुलगा दोन दिवस फोन उचलत नाही, मेसेज पोहोचतोय पण वाचला जात नाही, अशा वेळी कॉलेज रोडवरच्या घरात बसून आई-वडिलांचा जीव कसा होत असेल ते मी ओळखीच्या घरांत पाहिलंय. म्हणून विमानात बसण्याआधी मुलाकडून दोन नंबर लिहून घ्या. एक विद्यापीठाच्या सुरक्षा कार्यालयाचा, तिथे रात्रीही माणूस असतो. दुसरा त्या भागातल्या पोलीस दलाचा, देशाच्या कोडसकट, परदेशातून लागणारा. जिवाला धोका असावा असं वाटलं तर पोलीस खोलीवर जाऊन मूल सुखरूप आहे ना, हे बघून येतात, आणि तशी विनंती करण्यात कसलाही कमीपणा नाही. बऱ्याच विद्यापीठांत 'नाइटलाइन' असते. रात्री विद्यार्थीच विद्यार्थ्यांचं ऐकून घेतात. मुलाला त्याबद्दल सांगा, आणि 'तुला काय झालंय रडायला' हे वाक्य मात्र सांगू नका.

नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या मुलींबद्दलही थोडं. घरात मारहाण होत असेल तर 'व्हिसा त्याच्या नावावर आहे, मी कुठे जाऊ' या भीतीने गप्प बसलेल्या बायका मला इथे भेटल्या आहेत. ०८०८ २००० २४७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते. १९७९ पासून काम करणारी साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही लंडनची संस्था आपल्याकडच्या बायकांची घरं, सासर आणि व्हिसाचे प्रश्न नीट ओळखून आहे. बोलता येण्यासारखं नसेल तर मोबाइलवरून ९९९ लावायचा आणि सांगितलं की ५५ दाबायचं. त्यावरून त्यांना कळतं की फोन चुकून लागलेला नाही.

आता फ्रिजबद्दल. माझ्या शेजारच्या आजी एकट्या राहतात. त्यांच्या फ्रिजच्या दारात, दुधाच्या शेजारी, झाकणाची एक छोटी प्लास्टिकची बाटली असते. आत घडी घातलेला फॉर्म, त्यावर त्यांचे आजार, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, मुलीचा नंबर. फ्रिजवर हिरव्या क्रॉसचं स्टिकर, आणि मुख्य दाराच्या आतल्या बाजूला तसंच दुसरं. लायन्स क्लबचा हा उपक्रम आहे, बाटली फुकट मिळते. ॲम्ब्युलन्सवाले दारातलं स्टिकर पाहिलं की थेट फ्रिजकडे जातात, कारण फ्रिज प्रत्येक घरात असतो आणि तो शोधावा लागत नाही. आजी बेशुद्ध असल्या तरी त्यांची माहिती बोलते. ती बाटली पाहिली आणि मला आमचं इंदिरानगरचं स्वयंपाकघर दिसलं.

कारण बाबा एकदा रात्री चक्कर येऊन बाथरूममध्ये पडले होते. शेजारच्या काकांनी १०८ लावला, गाडी निघालीही. पण गाडीवरच्या माणसाला पत्ता विचारायला आईचा फोन लागेना. बातमी पसरली होती आणि पुण्याहून आत्या, ठाण्याहून मामा, सगळे काळजीने आईलाच फोन करत होते. शेवटी काका खाली उतरून रथचक्र चौकात जाऊन उभे राहिले आणि गाडीला घेऊन आले. वर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का? आईला गोळीचा रंग आठवत होता, नाव नाही.

तेव्हापासून आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. बाबांनीच ठळक अक्षरात लिहिलाय. पहिली ओळ 'नाशिक शहर', आणि ती पहिली का हे आईलाही समजावलंय. भारतातही तातडीच्या मदतीचा नंबर ११२ आहे, पण तो फोन नाशिकमध्ये कुणी उचलत नाही, तो राज्याच्या केंद्रात जातो, नवी मुंबईत किंवा नागपूरला. १०८ चं केंद्र पुण्यात आहे. तिथल्या माणसाला 'बापू बंगल्याजवळ' सांगून काय कळणार? त्याला आधी शहर, मग भाग, मग पोलीस ठाण्याची हद्द लागते. बापू बंगला नंतर येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला सांगायचा. गावाकडे तर तालुका सांगितल्याशिवाय बोलूच नये. पिंपळगाव म्हटलं की राज्यात किती निघतील!

कागदावर पुढे सोसायटीचं नाव, विंग, मजला. मग 'लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, खुर्ची आणावी'. मग गेट रात्री किती वाजता बंद होतं आणि वॉचमनचा मोबाइल. मग बाबांच्या गोळ्या, नाव आणि मात्रा, डॉक्टर बदलले की खोडून नव्याने. तळाला, लाल पेनाने: 'नातेवाइकांनी आईला फोन करू नये, काकांना करावा'. सुरुवातीला आत्याला जरा लागलं, आता तिनेही आपल्या घरी तसाच कागद लावलाय.

आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठी अडचण ही की इथून ११२ लावला तर तो ब्रिटनच्याच ९९९ ला लागतो. १०८, १०१, १४४१६, एकही छोटा नंबर परदेशातून नाशिकला लागत नाही. आपल्याला लागतात ते +९१ २५३ ने सुरू होणारे पूर्ण नंबर: शहर पोलिसांचा नियंत्रण कक्ष, आपल्या भागातलं पोलीस ठाणे, अग्निशमन दल, ज्या हॉस्पिटलमध्ये आई-बाबांची फाइल आहे त्याची कॅज्युअल्टी. निफाड किंवा दिंडोरीला घर असेल तर शहराचा नव्हे, नाशिक ग्रामीण पोलिसांचा. ते नंबर नाशिकला गेलात की एकदा लावून बघा, कारण छापलेले लँडलाइन नंबर पुष्कळदा बंद झालेले असतात. आणि त्याहून आधी जिन्यातल्या दोन घरांचे मोबाइल. माझ्या फोनमध्ये शेजारचे काका फेव्हरिट्समध्ये सगळ्यात वर आहेत, नवऱ्याच्याही वर.

बाकीचे नंबर कागदाच्या मागच्या बाजूला आहेत. १४४१६ म्हणजे टेलि मानस. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू झाली. चोवीस तास, फुकट, मराठीतून. मनाचं दुखणं घरात न बोलण्याची आपली सवय आहे, म्हणून हा नंबर तरी सगळ्यांना दिसेल असा लावा. १४५६७ ज्येष्ठांसाठी, १८१ महिलांसाठी, १०९८ मुलांसाठी. १९३० सायबर फसवणुकीसाठी, आणि तो लगेच लावायचा, पैसे पुढे सरकण्याआधी. एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांना 'तुमच्या मुलाला पोलिसांनी पकडलंय' असे फोन येतात. तेव्हा कुणाला विचारायचं हे त्यांना आधीच माहीत असेल तर पैसे वाचतात. गॅसचा वास आला तर १९०६. बिबट्या दिसला तर वनविभागाचा १९२६. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे ऐकून नवल वाटतं, नाशिककरांना नाही.

सगळी संकटं सायरन वाजवत येत नाहीत. घरमालक बाहेर काढतोय, पगार थांबलाय, कोर्टाची नोटीस आलीय आणि वाचून काही कळत नाही. इथे अशा वेळी लोक 'सिटिझन्स ॲडव्हाइस'कडे जातात, १९३९ पासून चालत आलेली मोफत सल्ला देणारी संस्था. घरात शिधा संपला असेल तर फूड बँकेची चिठ्ठीसुद्धा त्यांच्याकडून मिळते. मी आधी समजत होते की आपल्याकडे असं काही नाही. आहे. नाशिकला सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बसतं. १९८७ च्या कायद्यानुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. आईकडे कामाला येणाऱ्या ताईंना याबद्दल कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं. आता त्यांच्याकडे तो नंबर आहे, आणि त्यांच्या वस्तीत त्यांनीच तो पुढे दिलाय.

मावशीचा कागद मात्र अजून अपुरा आहे. ती पंचवटीत राहते, गोदेपासून हाकेच्या अंतरावर. तिच्या कागदावर पुराची वेगळी ओळ आहे. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे बातम्यांत ऐकायचं, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला, जिच्यावरून नाशिककर पूर मोजतात, पाणी कुठवर आलं ते विचारायचं, आणि गळ्यापर्यंत जायची वाट न बघता औषधं, कागदपत्रं घेऊन इंदिरानगरला यायचं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर तिने पाहिलेत, त्यामुळे हे तिला पटवावं लागलं नाही. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ तिने स्वतःच लिहिला.

राहिलाय तो २०२७ चा सिंहस्थ. पर्वणीच्या दिवशी पंचवटीतले रस्ते बंद होतात, गाडी आत येत नाही. २००३ मध्ये याच भागात चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली. मावशीला मधुमेह आहे, गुडघे दुखतात. त्या दिवसांत तिला काही झालं तर ॲम्ब्युलन्स कुठल्या चौकापर्यंत येईल, तिथवर तिला कोण नेणार, की ते दोन-तीन आठवडे तिने इंदिरानगरलाच राहायचं? यंदा नाशिकला आले की पंचवटी पोलीस ठाण्यात आणि महापालिकेच्या पंचवटी विभागीय कार्यालयात जाऊन हे विचारणार आहे. मावशीच्या गल्लीत तिच्याच वयाच्या आणखी बऱ्याच जणी आहेत, त्यांचीही नावं घेऊन जाणार आहे.