यादी द्या, मग ठेला उचला

स्वनिधीचं, म्हणजे पथविक्रेत्यांसाठीच्या सरकारी योजनेचं, कर्ज मागायला आलेला माणूस काउंटरवर आधी मोबाइल पुढे करायचा. त्यात ठेल्याशेजारी उभं राहून काढलेला फोटो. अंगात इस्त्रीचा शर्ट, मागे केळी नाहीतर मोजे नाहीतर प्लॅस्टिकचे डबे मांडलेले, आणि चेहरा लग्नाच्या बायोडेटावर असतो तसा गंभीर. मी इंदूरच्या जुन्या भागातल्या एका बँकेत होते, आता निवृत्त आहे. पण ते फोटो अजून डोळ्यांपुढे येतात, विशेषतः दिवाळी जवळ आली आणि होळकरांच्या जुन्या राजवाड्याभोवती फुटपाथवर विकणाऱ्या पटरीवाल्यांवरून आमच्या घरात भांडण सुरू झालं की.

आधी ती योजना सांगते, म्हणजे भांडण समजेल. २०२० च्या जूनमध्ये ती सुरू झाली. लॉकडाउनमध्ये या लोकांनी धंद्याची पुंजी खाऊन संपवली होती. पहिलं कर्ज १० हजारांचं, तारण नाही, वर्षभरात हप्त्यांनी फेडायचं. वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज सरकार खात्यात परत टाकणार आणि पुढे २० हजार, मग ५० हजार मिळणार. (आता पहिले दोन टप्पे १५ आणि २५ हजारांचे झालेत, योजनाही मार्च २०३० पर्यंत वाढवलीय.) क्यूआर कोडवर पैसे घेतले तर तेव्हा वर्षाला १२०० रुपयांपर्यंत कॅशबॅक वेगळा मिळायचा. अट अशी होती की २४ मार्च २०२० ला किंवा त्याआधीपासून तुम्ही शहरात पटरीवर धंदा करत असला पाहिजेत.

आता हे सिद्ध कसं करायचं? विक्रेता प्रमाणपत्र असेल तर प्रश्नच नाही. विक्रेत्यांच्या सर्वेक्षणात नाव राहून गेलं असेल तर महापालिकेचं शिफारसपत्र चालायचं. ते पत्र हातात पडलं की माणूस एकदम ताठ व्हायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, घडी न मोडता आणायचे. सही करून झाली की हमखास विचारायचे, "मैडम, अब तो गाड़ी नहीं उठेगी ना?"

काय सांगणार? त्या पत्रात एवढंच लिहिलेलं असतं की हा माणूस विक्रेता आहे आणि कर्जाला पात्र आहे. तो कुठे बसणार याबद्दल त्यात अक्षर नसतं. म्हणजे एका खिडकीवर तो सन्माननीय पथविक्रेता, सरकार त्याच्या व्याजाचा वाटा उचलतंय. आणि तोच माणूस दोन गल्ल्या पलीकडे अतिक्रमण. ठेला उचलला गेला तरी हप्ता चालूच राहतो, कारण आमच्या संगणकाला ठेल्याचं काही कळत नाही.

एक बाई केसांचे चाप, टिकल्या, बटणांची कार्डं असा माल घेऊन खाटेवर बसायची. धनतेरसच्या तोंडावर तिची खाट, ताडपत्री आणि माल सगळं महापालिकेच्या जप्तीच्या गाडीत गेलं. ती आमच्याकडे हप्ता पुढे ढकलता येईल का विचारायला आली. मी तिला सवयीनं विचारलं, किती माल गेला, कागद काय आहे? दुकानाला आग लागली तर पंचनामा असतो, शेतकऱ्याचं पीक गेलं तर तलाठ्याचा कागद असतो. तिच्याकडे काहीच नव्हतं. खाट परत मिळाली होती, ताडपत्री मिळाली होती, आणि माल "जितना था उतना नहीं था". किती होता? ते तिलाच माहीत. बँकेच्या लेखी तिचं काही नुकसान झालंच नव्हतं.

त्यानंतर मी २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा नीट वाचून काढला. कलम १९ मध्ये साफ लिहिलंय की माल जप्त केला तर त्याची यादी करायची, अधिकाऱ्यानं तिच्यावर सही करायची आणि एक प्रत विक्रेत्याच्या हातात द्यायची. विक्रेत्यानं ठरलेलं शुल्क भरून माल मागितला की न नासणारा माल दोन कामाच्या दिवसांत आणि भाजी-फळं त्याच दिवशी परत. कलम १८ म्हणतं की एखाद्याला एका जागेवरून उठवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस हवी. आणि कलम ३ मध्ये तर आधी सर्वेक्षण पूर्ण करा, प्रमाणपत्रं वाटा, तोवर कुणाला हुसकू नका, असं आहे. म्हणजे सर्वेक्षण आणि प्रमाणपत्रं झाल्यावर उचलाउचलीला कायद्याची बंदी नाही. फक्त ती लिहून करायची आहे.

आता माझे धाकटे दीर. राजवाड्याजवळच्या एका बाजारात त्यांचं बॅगांचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. दसऱ्यानंतर ते घरी आले की जेवणाच्या ताटावर पहिलं वाक्य हेच:

"वहिनी, तुम्ही बँकवाल्यांनीच यांना डोक्यावर बसवलंय."

त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. ते मालमत्ता कर भरतात, जीएसटी भरतात, विजेचं बिल व्यापारी दरानं येतं, दोन पोरांना पगार द्यावा लागतो. आणि त्यांच्याच ठोक व्यापाऱ्याकडून उचललेली तीच बॅग समोरचा माणूस पटरीवर शंभर रुपयांनी स्वस्त विकतो. गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही. वर भाऊजींचा हुकमाचा पत्ता: "उद्या गल्लीत आग लागली तर बंब आत येणार कुठून?" १९८४ च्या दंगलीत राजवाडा जळताना पाहिलेली माणसं आमच्या घरात आहेत. त्यामुळे हा पत्ता पडला की सासूबाईंसकट सगळी पंगत त्यांच्या बाजूनं होते.

मी म्हटलं, "भाऊजी, मग सराफ्यात का नाही जप्तीची गाडी येत?"

हे मी मुद्दाम काढते. रात्री नऊच्या सुमारास सराफ्यात सोन्याची शटरं खाली येतात आणि त्याच ओटल्यांवर भुट्ट्याचा कीस, दहीवडे, मालपुवे आणि थंडीत गराडू सुरू होतात. त्याच अरुंद गल्लीत पेटलेल्या भट्ट्या आणि सिलिंडर. हल्ली सराफांनीही कुरकुर सुरू केलीय, चायनीज आणि मोमोजवाले घुसले म्हणून. जुन्या पदार्थांना राहू द्या, बाकीच्यांना काढा, असा सूर असतो. तरी कोणी पाहुणा आला की आपण त्याला पहिल्यांदा कुठे नेतो? छप्पन दुकान या खाऊगल्लीचा रस्ता वाहनांना बंद करून सजवला तेव्हा तर आम्ही सगळे फोटो काढायला गेलो होतो. पाहुण्यांना खाऊ घालतो तो शहराचा वारसा, आणि आपल्याच मोलकरणीला ३० रुपयांत मोजे विकतो तो अडथळा, असा आमचा हिशोब दिसतो. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत मात्र पदार्थ आणि मोजे असा भेद नाही. जिथे ५० वर्षांहून जास्त काळ पटरीवरचा धंदा चालला असेल तो नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं तिथे लिहिलंय. राजवाड्याभोवतीच्या पटरीला किती वर्षं झाली हे आमच्या सासूबाईंना विचारा. त्यांच्या लग्नाच्या बांगड्या तिथल्याच.

"म्हणजे सगळ्यांना बसू द्यायचं?" भाऊजी.

अजिबात नाही. कायद्यालाही ते मान्य नाही. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रस्त्यावर विकणं हा व्यवसायाच्या मूलभूत हक्कात येतो, त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, आणि अमुकच जागा मला कायमची पाहिजे असा हक्क मात्र कुणालाच नाही. अर्धा निकाल ठेलेवाल्याचा, अर्धा भाऊजींचा. २०१४ च्या कायद्यानं मर्यादाही घातली: शहराच्या, झोनच्या किंवा वॉर्डाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते. २०११ च्या जनगणनेत इंदूर साडेएकोणीस लाखांच्या वर होतं, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानंच जवळपास ४९ हजार. शिवाय नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या, त्यांत एक तृतीयांश बायका. कुठे बसायचं, किती वाजेपर्यंत, कुठे अजिबात नाही, हे त्यांना बरोबर घेऊन ठरवायचं. अध्यक्ष आयुक्तच. यात अराजक कुठे आहे? २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर टिकवणाऱ्या शहराला हे जमू नये? ओला-सुका कचरा वेगळा करायला इंदूरनं ठेलेवाल्यांनाही लावलंच ना. पोहेवाल्याच्या गाडीला लटकलेला डबा दुसऱ्या शहरातले लोक येऊन बघतात.

आता ज्या गोष्टीवरून खरा वाद पेटला ती. मी म्हणत होते की प्रमाणपत्र दुसऱ्याला भाड्यानं देता येत नाही, विक्रेत्यानं स्वतः किंवा घरच्यांनीच बसायचं, हीही कायद्याची अट आहे. भाऊजी म्हणाले, "तेच तर! हे लोक जागा विकतात, भाड्यानं देतात." तेवढ्यात धाकटी जाऊ पोळी वाढता वाढता म्हणाली, "अहो, आपल्या दुकानापुढचा मोजेवाला देतोच की रोजचे."

पंगत एकदम गप्प. भाऊजींनी भाताला हात घातला, वरण यायच्या आत.

मग हळूहळू बाहेर आलं. ते "विजेचे पैसे" आहेत. मोजेवाल्याचा बल्ब दुकानाच्या लाइनवर चालतो. ठीक, एका एलईडी बल्बला दिवसाला किती वीज लागते हे मी हिशोब करून सांगू शकते, पण सांगितलं नाही, घरात राहायचंय. पुढे हेही कळलं की त्या रांगेत बरेच जण घेतात, आणि दिवाळीत दर वाढतो. पटरी सरकारची, भाडं दुकानदाराचं, आणि तक्रारही दुकानदाराचीच. शेजारच्यानं त्याच्या दुकानापुढे बसवलेला माणूस तेवढा सगळ्यांना खुपतो.

भाऊजी वाईट माणूस नाहीत. कोविडात याच मोजेवाल्याच्या घरी त्यांनी किराणा पाठवला होता. मला त्यांच्यापेक्षा त्या व्यवहाराचा राग आहे, कारण तो कागदावर नाही म्हणूनच चालतो. ज्याच्याकडे ठरलेल्या जागेचं प्रमाणपत्र आहे तो दुकानदाराला रोजचे कशाला देईल? आणि सही केलेली यादी हातात असेल तर खाटेवरच्या बाईला "जितना था उतना नहीं था" म्हणून गप्प बसावं लागणार नाही. चापांची पाकिटं मोजून लिहिलेली असतील, कमी आली तर बोट ठेवून विचारेल. यादी नसण्यात बऱ्याच जणांची सोय आहे, दोन्ही बाजूंच्या. त्यामुळे पटरीवाल्यांच्या मोर्चात आणि व्यापाऱ्यांच्या निवेदनात काय काय मागतात ते मी वाचते, पण जप्तीची यादी द्या ही मागणी मला फार क्वचित दिसते.

यंदा भाऊजींच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनी निवेदन द्यायचं ठरवलंय. माझं हिंदी ड्राफ्टिंग बरं आहे म्हणून काम माझ्याकडे आलं. मी लिहून दिलं: बंबासाठी रस्ता मोकळा हवा, पार्किंग हवं, पटरीवाल्यांसाठी वेळ आणि जागा आखून द्यावी, कारवाई झाली तर यादी करून प्रत द्यावी. इथपर्यंत सगळ्यांना पसंत. शेवटी एक कलम मी माझ्या मनानं घातलं, की दुकानापुढच्या सार्वजनिक जागेचे कुठल्याही नावानं पैसे घेणाऱ्या दुकानदारावरही कारवाई व्हावी.

भाऊजींनी कागद बैठकीत नेला होता. परत आणला तेव्हा त्या कलमावर पेन्सिलनं बारीक काट मारलेली होती. मी म्हटलं, बाकी वाट्टेल ते बदला, ती ओळ गेली तर टायपिंगला दुसरं कुणी बघा. त्यांचं म्हणणं, "वहिनी, निदान 'विजेचे पैसे वगळून' असं तरी लिहा." अजून ठरलेलं नाही.