तुम्ही विचारलंत म्हणून: पत्रात ‘झालं नाही’ हे का लिहायचे

जानेवारी 2026 मध्ये राज्यातल्या 29 महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि त्यानंतर नव्यानं निवडून आलेले तिघंजण वेगवेगळ्या दिवशी घरी येऊन गेले. तिघांनीही तोच प्रश्न विचारला. 2017 ते 2022 मी नगरसेविका होते, तेव्हा प्रभागातली माणसं, सहकारी, घरचेसुद्धा हेच विचारायचे. दर महिन्याला प्रभागाला पत्र काढता, ते चांगलंच आहे. पण त्यात न झालेल्या कामांची यादी कशाला? विरोधकांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं?

पत्र म्हणजे ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर लागायचा, वस्तीत घरोघरी जायचा आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरायचा. त्यात तीन मथळे असत: झालं, अडकलं, होणार नाही. ‘झालं’खाली बहुतेक वेळा तीन-चार ओळी. बाकीचा कागद ‘अडकलं’नं भरलेला.

तसं लिहिण्यामागे विचार होता. महापालिकेत कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. आम्ही सभागृहात अंदाजपत्रक मंजूर करतो, ठराव करतो, प्रश्न विचारतो. आमच्यातले सोळाजण स्थायी समितीवर जातात, तिथे निविदांना मान्यता मिळते. पण रस्ता आम्ही करत नाही, पाणी आम्ही सोडत नाही. लोकांना मात्र वर्षानुवर्षं फ्लेक्सवर ‘यांच्या प्रयत्नांतून’ वाचायची सवय. दिवा लागला की तो मी लावला असं मीच सांगत फिरले, तर दिवा गेल्यावर तो मीच घालवला असं लोकांनी म्हटलं तर चूक कुणाची? नगरसेवकाकडे इतर कुणाकडे नसलेली एकच गोष्ट असते: फाईल आज कुठल्या टेबलावर आहे, हे त्याला विचारता येतं आणि त्याचं उत्तर मिळतं. ते उत्तर माझ्या डायरीत पडून राहिलं, तर प्रभागाला माझा उपयोग काय?

एक उदाहरण सांगते, कारण ते अजून डोळ्यांसमोर आहे. आमच्या वस्तीतल्या एका गल्लीत शेवटच्या नऊ घरांना पाणी चढत नव्हतं. एकदा पहाटे पाचला मी तिथे जाऊन उभी राहिले. शेवटच्या घरातल्या मावशींनी नळाखाली कळशी लावली होती आणि धार करंगळीएवढीसुद्धा नव्हती. कळशी भरायला अकरा मिनिटं लागली. पाणी सव्वासहाला जायचं. म्हणजे रोजच्या सहा-सात कळश्या, घरात माणसं पाच. मावशी काही बोलल्या नाहीत, फक्त भरलेली कळशी उचलून दुसरी लावली.

उपाय साधा होता: जुनी नळी गंजून आतून बुजत आली होती, ती काढून मोठ्या व्यासाची टाकायची. कनिष्ठ अभियंत्यानं पाहणी केली, एस्टिमेट झालं, तांत्रिक मान्यता मिळाली. मग निविदा निघाली, पहिल्यांदा पुरेसे ठेकेदार आले नाहीत म्हणून मुदत वाढवली, नंतर वर्क ऑर्डर निघाली. मला वाटलं, आता आठवड्यात काम सुरू. पण खोदाईची परवानगी येईना. सलग तीन पत्रांत मी तीच ओळ छापली: ‘पाण्याची नळी: वर्क ऑर्डर झाली, खोदाईची परवानगी पथ विभागाकडे, अमुक तारखेपासून.’ दर वेळी तारीख तीच, फक्त दिवस वाढलेले.

तिसरं पत्र लागल्यावर एक निवृत्त काका घरी आले. आयुष्यभर सरकारी बांधकाम खात्यात कारकुनी केलेली. म्हणाले, “ताई, ती गल्ली दीड वर्षापूर्वी डांबरी केलीय ना? दोषदायित्व कालावधी चालू असेल. म्हणून कुणी सही करत नाही.” म्हणजे रस्ता खराब झाला तर ठरावीक काळ तो ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायचा असतो. मध्येच दुसऱ्यानं खोदलं, तर तो ठेकेदार हात वर करतो. परवानगी देणाऱ्याला ही जबाबदारी अंगावर नको होती आणि हे कारण कागदावर लिहायचीही त्याची तयारी नव्हती. कारण कळल्यावर मार्ग निघाला. डांबराला हात न लावता, गटाराच्या कडेच्या मातीच्या पट्टीतून नळी न्यायची. पावसाळ्याआधी काम झालं. मी ते छापलंच नसतं, तर काकांना कळलं नसतं आणि मी तीच फाईल घेऊन वर्षभर त्याच जिन्यानं चढत-उतरत राहिले असते.

हे असं दर वेळी होतं असं नाही. बऱ्याच ओळी महिनोन्‌महिने तशाच राहिल्या. तरी लोकांचा फोन यायचा तेव्हा प्रश्न बदललेला असायचा. ‘काम कधी होणार?’ऐवजी ‘आता कुणाकडे आहे?’ असं लोक विचारू लागले. काहींनी त्याच ओळीवरून माहिती अधिकारात अर्ज केले. मला त्याचा राग आला नाही, आधारच वाटला.

आणखी एक कारण आहे, ते आमच्या प्रभागरचनेचं. 2017 ला आमच्या प्रभागात चार सदस्य होते: अ, ब, क, ड. मतदारानं चार मतं द्यायची आणि नंतर खड्डा पडला की चौघांपैकी कुणाला धरायचं हे त्याला कळायचं नाही. मी महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवरून निवडून आले होते, त्यामुळे पहिले काही महिने फोन माझ्या नवऱ्याला यायचे. ‘दादा, मॅडमना सांगा.’ पत्राखाली माझी सही आणि माझाच नंबर छापायला लागले, तेव्हा हळूहळू फोन माझ्याकडे वळले. कायद्यानं अर्ध्या जागा बायकांना दिल्या, ती जागा पदरात पडल्यावर तिथे बसून दाखवणं आमच्याकडे होतं.

‘होणार नाही’ हा मथळा लिहिताना मात्र हात जड व्हायचा. एका कॉलनीतल्या ज्येष्ठांना बागेची फार आस होती. विकास आराखड्यात त्या भूखंडावर बागेचं आरक्षण आहे, हे सगळ्यांना माहीत. पण जागा खाजगी मालकीची, ताब्यात आलेली नाही आणि भूसंपादनासाठी त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तरतूद नाही. दर निवडणुकीत तिथे बाग व्हायची, भाषणात. मी छापलं: ‘या मुदतीत बाग होणार नाही, कारण जागा पालिकेची नाही.’ एक आजोबा पुढे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मला फार लागलं ते. पण जवळच्या शाळेचं मैदान संध्याकाळी फिरायला उघडं ठेवावं, ही मागणी त्याच कॉलनीतून, त्याच पत्रानंतर आली आणि ती मान्य झाली. आजोबाही तिथे येऊ लागले.

माझी चूकही सांगते. एका पत्रात मी अडलेल्या फाईलपुढे अधिकाऱ्याचं नाव छापलं. त्यांच्या मुलीला शाळेत कुणीतरी त्यावरून बोललं. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून फक्त पद आणि विभाग. सही रेंगाळते ती बहुतेक वेळा पदाच्या अडचणीमुळे, माणसाच्या खोटेपणामुळे नव्हे, हे मलाही उशिरा समजलं.

मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणुका लांबत गेल्या, जवळजवळ चार वर्षं सभागृह रिकामं. कामं थांबली असं म्हणणार नाही, काही तर झपाट्यानं झाली. पण कुठली फाईल का थांबली, हे सभागृहात उभं राहून विचारायला कुणी नव्हतं.

माझ्या शेवटच्या पत्रात ‘अडकलं’खाली सात ओळी होत्या. त्याची प्रत मी तिघांनाही दिली आहे. दोन कामं मधल्या काळात झाली. सहाव्या ओळीतला शाळेमागचा उघडा नाला अजून तसाच आहे, मी गेल्या आठवड्यात जाऊन पाहिला. पहिलं पत्र काढाल, तेव्हा ती ओळ त्यात घ्या. आणि तारीख बदलू नका, जुनीच राहू द्या: ऑगस्ट 2021.