दारावरचे दीडशे डॉलर

गेल्या डिसेंबरात माझे मामा सोलापूरहून पहिल्यांदाच सिंगापूरला आले. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला साजेशी पाहायच्या ठिकाणांची यादी त्यांनी सोबत आणली होती आणि त्या यादीत मरीना बे सँड्सचा कसिनोही होता. खेळायचे नव्हते, सरकारने परवाना दिलेला जुगाराचा अड्डा कसा दिसतो, एवढेच त्यांना पाहायचे होते. प्रवेशद्वारापाशी आम्ही वेगळे झालो. ते पासपोर्ट दाखवून एक पैसाही न देता आत गेले. मी इथली कायम निवासी असल्यामुळे मला मात्र चोवीस तासांच्या प्रवेशासाठी १५० सिंगापूर डॉलर, म्हणजे सुमारे दहा हजार रुपये भरावे लागले असते. मी बाहेरच थांबले. वीस मिनिटांनी मामा परत आले आणि त्यांनी विचारले, "अगं, पाहुण्याला फुकट आणि घरच्या माणसाला दहा हजार, हा कुठला हिशेब?"

त्या हिशेबाची सुरुवात २००५ साली झाली. तोवर चार दशके सिंगापूरने कसिनोला ठामपणे नकार दिला होता. जुगार इथे नव्हता असे नाही. बेकायदा आकड्यांच्या धंद्याला आळा घालण्यासाठी सरकारने १९६८ मध्येच स्वतःची सिंगापूर पूल्स ही संस्था सुरू केली होती (आपली महाराष्ट्र राज्य लॉटरी त्यानंतर वर्षभराने, १९६९ मध्ये आली), आणि आजही आमच्या वसाहतीच्या बाजारात सोडतीच्या दिवशी चार अंकी आकड्याच्या तिकिटासाठी ज्येष्ठ नागरिकांची रांग लागते. पण कसिनो ही वेगळी गोष्ट मानली जात होती. शेजारच्या देशांशी पर्यटनात स्पर्धा वाढली, तेव्हा पंतप्रधान ली श्येन लूंग यांनी एप्रिल २००५ मध्ये संसदेत दोन कसिनोंना संमती जाहीर केली. त्याआधी आणि नंतरही देशात मोठा वाद झाला. धार्मिक संस्था आणि हजारो सामान्य नागरिक विरोधात उभे राहिले. राष्ट्रनिर्माते ली क्वान यू यांचाही कसिनोला वर्षानुवर्षे विरोध होता. त्यांचे वडील जुगारात हरले की आईकडे दागिने मागत, ही लहानपणीची आठवण त्यांनी स्वतः सांगून ठेवली आहे. जग बदलले आहे आणि आपल्याला मागे राहून चालणार नाही, असे म्हणत तेही अखेर राजी झाले.

मला या निर्णयातील प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो. कसिनो ही चांगली गोष्ट आहे, असे सरकारने लोकांना कधी सांगितले नाही. यातून काही कुटुंबांचे नुकसान होणार हे गृहीत धरले आणि मग ते नुकसान कसे आवरता येईल याचा कायदा लिहायला घेतला. २००५ मध्येच जुगाराच्या व्यसनाला आळा घालण्यासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, २००६ मध्ये कसिनो नियंत्रण कायदा झाला, २००८ मध्ये स्वतंत्र नियामक प्राधिकरण उभे राहिले, आणि हे सगळे जागेवर आल्यानंतर २०१० च्या फेब्रुवारीत सेंटोसा बेटावरचा आणि एप्रिलमध्ये मरीना बेचा कसिनो उघडला. पहिला पत्ता टेबलावर पडण्याआधी पाच वर्षे तयारी चालली होती. २०२२ पासून लॉटरी, शर्यतींवरील पैजा, ऑनलाइन जुगार आणि कसिनो या सर्वांवर जुगार नियामक प्राधिकरण या एकाच संस्थेची देखरेख आहे.

परवाना म्हणजे भिंतीवर टांगायचा कागद नव्हे, हे इथे लवकर कळते. तो साधारणपणे तीन वर्षांसाठी मिळतो. मालक कोण, त्यांचे भागीदार कोण, पैसा कुठून आला, हे तर तपासले जातेच; पण खेळ चालवणाऱ्या आणि पैसे हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही प्राधिकरणाचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. खेळण्याच्या जागेला क्षेत्रफळाची मर्यादा आहे, यंत्रांच्या संख्येला मर्यादा आहे, आणि स्थानिक लोकांना उद्देशून जाहिरात करण्यावर निर्बंध आहेत. मामांनी आत सगळ्यात आधी शोधले ते एटीएम, कारण आयुष्यभराची तीच सवय. ते कुठेच दिसले नाही याचे त्यांना आश्चर्य वाटले. कसिनोच्या आवारात एटीएम ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. नागरिकाला आणि कायम निवासी व्यक्तीला कसिनो उधारीही देऊ शकत नाही. किमान एक लाख डॉलर आधी जमा करणाऱ्या बड्या खेळाडूंचा तेवढा अपवाद आहे. हे ऐकून मामा म्हणाले, "म्हणजे कर्ज देणाऱ्याचाच हात बांधलाय. बरोबर केलं."

नियम मोडले की दंड होतो. एकवीस वर्षांखालील व्यक्ती आत शिरल्याबद्दल दोन्ही कसिनोंना तो भरावा लागला आहे. सेंटोसाच्या कसिनोला तर २०२४ च्या अखेरीस परवान्याचे नूतनीकरण करून देताना प्राधिकरणाने तीनऐवजी दोनच वर्षे दिली, आणि त्याचे कारण जुगाराशी संबंधित नव्हते. पर्यटकांना आकर्षित करण्याची जी अट होती, तीत त्या संकुलाची कामगिरी समाधानकारक नाही, असे मूल्यमापन समितीचे मत पडले होते. ज्या कारणासाठी परवानगी दिली ते कारण अजून खरे आहे का, हा प्रश्न इतक्या वर्षांनंतरही विचारला जातो, हे मला फार मोलाचे वाटते.

आता दारावरच्या पैशांविषयी. सुरुवातीला एका दिवसाचे १०० आणि वर्षाचे २,००० डॉलर पडत. एप्रिल २०१९ पासून ते १५० आणि ३,००० झाले. ही रक्कम कसिनोच्या गल्ल्यात जात नाही, ती सार्वजनिक आणि धर्मादाय कामांसाठी वापरली जाते. कसिनोने ती ग्राहकाला परत करून त्याला खूश करणेही बेकायदा आहे. माणूस उगाच पाय वळले म्हणून आत शिरू नये, दारात क्षणभर थांबून त्याने विचार करावा, हा त्यामागचा हेतू. तो बऱ्याच अंशी साधतो, हे मी माझ्यावरूनच सांगू शकते. तरीही दोन गोष्टी मला खटकतात. भरलेले दीडशे डॉलर वसूल झाले पाहिजेत म्हणून माणूस आत अधिक वेळ बसून राहण्याची भीती असते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हे शुल्क नागरिकत्व पाहते, खिसा पाहत नाही. कामाच्या परमिटवर आलेला बांधकाम मजूर, ज्याच्या पगारावर तमिळनाडूतले किंवा बांगलादेशातले घर चालते, तो कायद्याच्या दृष्टीने परदेशीच असल्यामुळे, माझ्या मामांइतक्याच सहजतेने फुकट आत जाऊ शकतो. त्याला स्वतःहून स्वतःवर बंदी घालून घेता येते, आणि अनेक कामगार तसे करतातही. पण दारातला तो थांबण्याचा क्षण त्याच्या वाट्याला येत नाही.

बंदीची ही व्यवस्था मला सगळ्या कायद्याचा गाभा वाटते. दिवाळखोर ठरलेल्या, सरकारी मदतीवर जगणाऱ्या किंवा सरकारी घराचे भाडे सहा महिने थकवलेल्या व्यक्तींना आपोआप प्रवेशबंदी असते. कोणीही स्वतःवर बंदी घालून घेऊ शकतो. आणि नवरा किंवा बायको, आई-वडील, मुले, भावंडे यांपैकी कोणीही आपल्या माणसावर बंदी घालावी म्हणून त्या राष्ट्रीय परिषदेकडे अर्ज करू शकते. मग नेमलेली समिती दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकते, जुगारामुळे कुटुंबाचे गंभीर नुकसान होत आहे असे आढळले तर त्या व्यक्तीला दोन्ही कसिनोंत बंदी करते, आणि समुपदेशनाचा मार्गही दाखवते.

आपल्याकडचा विचार केल्यावाचून राहवत नाही. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कसिनोंचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. गोव्याने मांडवीत जहाजे उभी राहू दिली आणि २०२० पासून गोमंतकीयांना त्यांवर जायला बंदी केली. या निर्णयांवर मतभेद असू शकतात. माझी तक्रार एवढीच आहे की आपली चर्चा कसिनो असावा की नसावा आणि महसूल किती मिळेल, यावरच संपते. हरलेल्याच्या घरातल्या माणसाने कोणाकडे जायचे, हा विषय निघतच नाही.

मामांना मी हे सगळे सांगत होते तेव्हा आम्ही बाहेर पाण्याच्या कडेला बसलो होतो. कुटुंबीयांच्या अर्जाचे त्यांनी मला पुन्हा सांगायला लावले. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. माझे आजोबा सोलापुरात कापड गिरणीत होते आणि मटका खेळत, हे घरात सर्वांना ठाऊक होते. आजीच्या पाटल्या त्यातच गेल्या. पण मामांनी त्या संध्याकाळी जे सांगितले ते मी कधी ऐकले नव्हते. पगाराच्या दिवशी आजी त्यांचा हात धरून गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभी राहत असे. आकडा लावणारा माणूसही तिथेच, समोरच्या पानाच्या दुकानात बसलेला असे. भोंगा झाला की ती गर्दीत डोळे लावून आजोबांना शोधायची आणि ते दिसताच पुढे होऊन पाकीट मागायची. पुढे आजोबा मागच्या फाटकाने बाहेर पडू लागले. तेव्हा तिने सात वर्षांच्या मामांना पुढच्या फाटकाशी उभे केले आणि स्वतः मागच्या फाटकाशी जाऊन थांबू लागली.